पन्नास हर्ट्झचा षड्ज

आमच्या घरी किशोरीताई दिवसा एका पट्टीत गायच्या आणि रात्री अकरानंतर तिच्याहून वरच्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री अशी त्यांची ती घराघरांत पोचलेली एलपी. रेकॉर्ड तीच, खोली तीच, ऐकणारा मीच. शेजारी पेटी घेऊन बसलं की भूपाचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठंतरी सापडायचा, आणि रात्री बघावं तर बाई फटीतून वर आलेल्या.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, म्हणून या भानगडीचा उलगडा मला घरी नाही, पॉवर हाऊसमध्ये झाला. तिथल्या पॅनेलवर पत्त्यांचा फ्रीक्वेन्सी मीटर होता. त्यात ओळीनं बारीक पोलादी पत्त्या असतात आणि विजेची जी फ्रीक्वेन्सी असेल तेवढी एकच पत्ती थरथरते, बाकीच्या गप्प. बाहेरच्या ग्रिडची वीज घेतली की भरदिवसा साडेअठ्ठेचाळीसची पत्ती नाचायची, फारच ताण आला तर अठ्ठेचाळीसची. मध्यरात्री भार उतरला की एक्कावन्नची. हवी होती पन्नासची. ज्या टर्नटेबलची मोटार सिंक्रोनस असते ते या आकड्याचं ताबेदार असतं. साडेअठ्ठेचाळीस म्हणजे वेग तीन टक्क्यांनी कमी, आणि तीन टक्के म्हणजे पेटीवरच्या काळी-पांढरीतल्या अंतराच्या निम्मं. सिनेमाचं गाणं असेल तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पेटीवाल्याच्या येतं.

गळीत हंगामात आणखी मजा. बॉयलर पेटला की कॉलनीला कारखान्याच्या टर्बाइनची वीज मिळायची. ती बऱ्यापैकी पन्नासच्या आसपास, पण स्थिर नव्हे. उसाच्या मोळ्या एकदम कटरखाली गेल्या की मोटारी भार ओढायच्या, टर्बाइन क्षणभर बसायचं, गव्हर्नर वाफ वाढवायचा आणि पुन्हा सावरायचा. इकडे घरी विलायत खाँसाहेबांची मींड तेवढ्या वेळात उगाचच एक श्रुती खाली जाऊन परत यायची. बायको म्हणायची, ‘ऊस आला वाटतं.’

आता हे टर्नटेबल आमच्याकडे आलं कसं ते सांगतो. माझे मामा डॉक्टर. सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात नोकरीला होते आणि पगारातून वाचवून त्यांनी तिथं लिन सोंडेक एलपी १२ घेतलं. ग्लासगोजवळ तयार होणारं हे यंत्र १९७३ पासून आजतागायत बाजारात आहे आणि त्याची एक खोड जगप्रसिद्ध आहे: ते कधी पूर्ण होत नाही. मालक त्यात आयुष्यभर काहीतरी बदलत राहतो. १९८२ मध्ये वल्हाला नावाचा क्वार्ट्झचा वीजपुरवठा आला, १९९० मध्ये लिंगो आला, १९९३ मध्ये सर्कस नावाचं नवं बेअरिंग, २००७ मध्ये कील नावाची एकसंध धातूतून कोरलेली उपचौकट, २०२० मध्ये करूसेल हे आणखी नवं बेअरिंग. आणि यातलं जवळजवळ सगळं जुन्या टेबलालाही बसतं. कंपनीच्या दृष्टीनं धंदा, मालकाच्या दृष्टीनं व्यसन. मामांचं टेबल वल्हालाच्याही आधीचं, म्हणजे मोटार थेट भिंतीतल्या विजेवर. सुई धरणारा आर्म जपानी, ग्रेस जी ७०७, वजनाला अगदी हलका. पुढं शुअरचं कार्ट्रिज.

१९८६ मध्ये मामा परत आले, श्रीरामपूरला दवाखाना टाकला. रेकॉर्डींचा संग्रह अर्धा बाखचा, अर्धा किराणा घराण्याचा. कान दगा देऊ लागले तेव्हा त्यांनी टेबल माझ्या हवाली केलं. म्हणाले, ‘तुझ्याकडे मीटर आहेत, माझ्याकडे नुसता स्टेथोस्कोप.’

मामांना पट्टीची तक्रार कधी पटली नाही. त्यांच्याकडे स्ट्रोबची तबकडी होती. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा असतात. ती फिरत्या ताटावर ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली बघायची. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. ‘अरे, बघ ना, हलतायत का?’ रेघा हलत नव्हत्या, कारण हलणं शक्यच नव्हतं. ट्यूबलाइट ज्या विजेवर लुकलुकते त्याच विजेवर मोटार फिरते. फ्रीक्वेन्सी घसरली तर दोन्ही बरोबरीनं घसरतात आणि रेघा आपल्या जागी शांत. चोराची साक्ष चोरानंच द्यावी तसा प्रकार. हे मी मामांना कागदावर आकडेमोड करून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विषय बदलला.

जगातल्या हाय-फाय मासिकांत टर्नटेबल सुधारण्याचा एक ठरलेला क्रम असतो. माझं म्हणणं एवढंच, की तो क्रम इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांना बघून लावलेला आहे. तिकडची वीज स्थिर, हवा दमट, जमीन लाकडी. आमच्याकडची वीज डळमळीत, हवा कोरडी, धूळ बारमाही आणि जमीन शहाबादी फरशीची. तेव्हा इथल्या माणसानं आधी आपल्या घराचा त्रास ओळखावा आणि मग पाकीट काढावं. मी तेच केलं आणि सुरुवात विजेपासून केली.

लिंगो परदेशातून मागवायचा तर तेव्हाच्या माझ्या पगारात तो विचारही करवत नव्हता. पण काम काय आहे ते स्पष्ट होतं: मोटारीला भिंतीतली वीज द्यायची नाही, घरात तयार केलेली पन्नास हर्ट्झची द्यायची. पुण्याला बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं. तिथून ३.२७६८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणला. हा विचित्र आकडा मुद्दाम. सोळा वेळा दोननं भागला की बरोबर पन्नास उरतात. सीडी ४०६० ही चिप चौदा वेळा भागते आणि दोनशे हर्ट्झ हातात देते. पुढं सीडी ४०१३ दोनदा भागते. एवढ्यानं मिळते ती चौकोनी लहर. ती फिल्टरमधून गाळून गोल करायची, म्हणजे साइन वेव्ह. हा भाग रविवारच्या सुट्टीत होण्यासारखा होता. खरा प्रश्न पुढचा. हा सिग्नल एक-दोन व्होल्टचा, मोटारीला शंभराच्या वर हवेत.

उत्तर मंडपवाल्याकडे मिळालं. लग्नात, गणपतीत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जो अहुजाचा ॲम्प्लिफायर गावोगाव वाजत असतो, त्याच्या मागं शंभर व्होल्टची लाइन असते. भोंगे लांब असले की तारेत ताकद वाया जाऊ नये म्हणून केलेली सोय. एलपी १२ ची मोटार मुळात एकशेदहा व्होल्टच्या जातीची, आतल्या रोधकांनी तिला दोनशेचाळीसवर चालवलेलं. म्हणजे शंभर व्होल्टची लाइन तिला नेमकी मानवणारी. आमच्या इलेक्ट्रिकल विभागातल्या फोरमननी रोधक बाजूला काढून जोडणी केली, फ्यूज टाकला, आणि जुना, पुढची पट्टी चेपलेला, पण आतून धडधाकट असा एक ॲम्प्लिफायर आम्ही कामाला लावला. (ज्यांना जिवंत विजेच्या कामाची सवय नाही त्यांनी हे वाचून करायला जाऊ नये. शंभर व्होल्टही माणूस मारायला पुरतात.)

मोटारीला लागतात जेमतेम चार-पाच वॅट. पंचक्रोशीतल्या लोकांना हाक मारण्याची ताकद असलेलं यंत्र आता एक रबरी पट्टा फिरवत होतं. मोटार चोवीस पोलची, पन्नास हर्ट्झला मिनिटाला बरोबर अडीचशे फेरे. त्या संध्याकाळी भूप लावला आणि पेटी घेतली. षड्ज अजूनही पेटीच्या स्वराशी तंतोतंत जुळला नाही, आणि ते साहजिक आहे. तंबोरे गायकाच्या गळ्याला लावलेले असतात, माझ्या पेटीला नाही. पण जिथं होता तिथंच राहिला. ऊस आला तरी राहिला, रात्री अकरानंतरही राहिला.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. तिकडचे परीक्षक टर्नटेबलचा वेग तपासायला पियानोची रेकॉर्ड लावतात. तंबोरा त्याच्याहून कडक परीक्षक आहे. पियानोचा स्वर उमटतो आणि विरत जातो. तंबोरा वीस मिनिटं एकच गोष्ट सांगत बसतो, त्यामुळं तिच्यात केसाएवढी लहर आली तरी कान टवकारतात. आपल्या संगीताला टर्नटेबलकडून सगळ्यात आधी हवा असतो तो अचल षड्ज. मोठा आवाज, खोल ठेका, रुंद स्टेज ही सगळी पुढची कौतुकं.

आणि तरी काही रेकॉर्डींत तंबोरा डोलायचाच. मोटारीचा दोष नव्हता, भोकाचा होता. रेकॉर्डच्या मधलं भोक एक मिलिमीटर जरी बाजूला पडलं तरी मधल्या खाचांवर स्वर वर-खाली एकेक टक्का हलतो, आणि आतल्या खाचांवर त्याहून जास्त. आपल्याकडच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या दाबणीत हे बऱ्याचदा आढळतं. अशा रेकॉर्डपुढं ग्लासगोचं सर्वांत महाग बेअरिंगही हतबल. मी भोक कानशीनं किंचित रुंद करून, आर्म डावी-उजवीकडे झुलायचा थांबेपर्यंत रेकॉर्ड बोटानं सरकवतो. मासिकांत हा उपाय सापडणार नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

पुढं ग्रिड सुधारलं. २००२ च्या जुलैमध्ये पश्चिम विभागात विजेच्या दरपद्धतीत फ्रीक्वेन्सीनुसार दंड आणि मोबदला आला, वीज मंडळांना शिस्त लागली, आणि आता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात वीज ठेवायची असा दंडक आहे. म्हणजे जास्तीत जास्त फरक कानाला न कळणारा. मग माझा क्रिस्टल निकामी झाला का? नाही, कारण तोवर घरोघरी इन्व्हर्टर आले. वीज गेली की स्वस्त इन्व्हर्टर जी चौकोनी लहर देतो तिच्यावर सिंक्रोनस मोटार गुरगुरते आणि ती गुरगुर पट्ट्यातून ताटात, ताटातून सुईत येते. भारनियमनाच्या त्या वर्षांत मध्य लयीचा ख्याल अर्ध्यात सोडून मेणबत्त्या शोधायची वेळ आमच्यावर आली नाही, ती या क्रिस्टलच्या डब्यामुळं.

विजेनंतरचा शत्रू राख. बगॅस जाळणाऱ्या बॉयलरच्या चिमणीतून हंगामात जी काळी हलकी राख उडते ती कारखान्याच्या कॉलनीत राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. दोरीवरचं धोतर, गच्चीवरच्या कुरडया, अंगणातली रांगोळी, सगळ्यांवर ती बसायची. रेकॉर्ड कव्हरातून काढून टेबलावर ठेवेपर्यंत तिच्यावर दोन-चार कण हजर. राखेत सिलिका असते, म्हणजे वाळूच. खाचेत अडकलेला कण सुईखाली भरडला जातो आणि व्हिनाइलमध्ये कायमचा रुततो. ती कडकड मग धुऊन जात नाही.

त्यामुळं धुलाई हा आमच्याकडे छंदाचा भाग नसून देखभालीचा भाग झाला. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ केसांचा रुंद ब्रश, मग स्वच्छ पाण्याचा दुसरा हात आणि मायक्रोफायबरचं फडकं. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं पाणी नको. प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानातून घ्यावं. आणि आजोबांच्या ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नये. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. अब्दुल करीम खाँसाहेब एका पुसण्यात नाहीसे होतील.

निवृत्तीनंतर आम्ही नगरला सावेडीत राहायला आलो. राख सुटली, कोरडी हवा आली. नगर पर्जन्यछायेत. फेब्रुवारीपासून हवा अशी कोरडी होते की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. एलपी १२ च्या ताटावर नमद्याची चटई असते. कोरड्या दिवसांत रेकॉर्ड उचलली की स्थिर विजेनं ती चटईही चिकटून वर येते, आणि मध्येच सुटून आर्मवर पडते. एकदा सुईवर पडता पडता वाचली. जगभरच्या एलपी १२ वाल्यांची ही तक्रार आहे, आपल्याकडे ती जास्त. मी पातळ चामड्याची चटई कापून घेतली, मऊ बाजू वर. जाडीत फरक पडला तेवढी आर्मची उंची बदलली. चिकटणं थांबलं. आवाजात काही फरक पडला असं म्हणवत नाही.

सुईचं प्रकरण मात्र खरोखर मोठं. शुअर कंपनीनं २०१८ मध्ये कार्ट्रिजं बनवणंच सोडलं. जपानची जिको कंपनी बदली सुया करते, पण तोपर्यंत माझं मन दुसरीकडे गेलं होतं. कारण ख्यालाची रचना. एलपीची बाहेरची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगानं सरकते, आतली जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं. आता ख्याल कसा असतो? बाहेरच्या ऐसपैस जागेत संथ विलंबित, आणि जसजसं आत जावं तसतशी द्रुत लय, ताना, तबल्याची लयकारी. म्हणजे सगळ्यात बारीक, सगळ्यात वेगवान काम सगळ्यात अडचणीच्या जागी. साध्या लंबगोल टोकाची सुई तिथं अडखळते आणि भीमसेनजींच्या तानेतले दाणे एकमेकांत मिसळून खरखर होते. लोक म्हणतात रेकॉर्ड झिजली. बऱ्याचदा रेकॉर्ड ठीक असते, सुईचं टोक खाचेच्या वळणांपेक्षा रुंद असतं.

म्हणून ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम ९५ एमएल घेतलं. त्याचं टोक मायक्रोलाइन जातीचं, खाचेच्या भिंतीला अगदी अरुंद रेघेत टेकणारं. हलक्या ग्रेस आर्मला ते मानवेल का हे आधी कागदावर बघितलं: आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिजचं वजन आणि सुईच्या स्प्रिंगची लवचीकता यांतून जी अनुनादाची फ्रीक्वेन्सी निघते ती आठ ते बारा हर्ट्झमध्ये हवी. दहाच्या आसपास आली. बारापेक्षा वर गेली तर संगीतात ढवळाढवळ, आठपेक्षा खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर आर्म उड्या मारतो.

वस्तू आली ती अरणगावच्या वाटेनं. नगरपासून दौंड रस्त्यावर अरणगावजवळच मेहेराबाद आहे, अवतार मेहेरबाबांची समाधी. तिथं अमेरिकेहून येऊन राहिलेल्या एका वयस्क गृहस्थांची ओळख झाली होती, त्यांनी येताना सामानात आणलं. नगरमध्ये रेकॉर्डींचा विषय निघाला आणि मेहेराबाद आलं नाही असं होत नाही. ‘द हू’ या इंग्रजी रॉक बँडचा पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. त्यांच्या १९७१ च्या अल्बमचं पहिलंच गाणं, ‘बाबा ओ’रायली’, याच्या नावातले बाबा म्हणजे आपल्या नगरचे. खुद्द बाबांची आवड निराळी. जिम रीव्ह्ज आणि कोल पोर्टरचं ‘बिगिन द बेगिन’ त्यांना प्रिय. नगरकरांना हे सांगितलं की निम्मे चकित होतात, निम्मे म्हणतात, ‘कोण पीट?’

कार्ट्रिज बसवणं हे कारागिरीचं काम आहे आणि त्याला लागणारी हत्यारं महागच हवीत असं नाही. सुईचा भार दोन ग्रॅम हवा. कंपन्या त्यासाठी वेगळा डिजिटल काटा विकतात. मी सराफ बाजारात माल पुरवणाऱ्याकडून सोनाराचा खिशातला काटा घेतला. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. त्याचं ताटलं पोलादी असेल तर कार्ट्रिजमधला चुंबक त्याला ओढतो आणि वजन खोटं येतं, म्हणून ताटल्यावर प्लॅस्टिकचा छोटा पूल ठेवायचा आणि काटा शून्य करून सुई त्या पुलावर टेकवायची. पुलाची उंची रेकॉर्डच्या पृष्ठभागाइतकीच असावी, नाहीतर आकडा बदलतो. मग आरसा लावलेला प्रोट्रॅक्टर. मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन बिंदूंवर कार्ट्रिज खाचेशी अगदी समांतर हवं. भिंग, टॉर्च, चिमटा, श्वास रोखून स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, पुन्हा बघायचं. एका बिंदूवर जुळलं की दुसऱ्यावर हुकतं. पोष्टाच्या तिकिटाएवढ्या आरशात सुईची दांडी आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत येईपर्यंत दुपार सरते.

एलपी १२ मध्ये आणखी एक दुपार लागते, स्प्रिंगांची. ताट आणि आर्म मिळून एका चौकटीवर, ती चौकट तीन स्प्रिंगांवर टांगलेली. खालून नट फिरवून असं जमवायचं की ताट बोटानं दाबून सोडलं तर सरळ खाली-वर व्हावं, बाजूला झुलू नये. एक स्प्रिंग जरा तिरकी बसली की ताट गोल गोल घुमतं आणि पट्टा मोटारीला हिसके देतो. हे काम टेबल उलटं न करता खालून करता यावं म्हणून विलायतेत खास घोडी मिळते, जिग म्हणतात तिला. आमच्या सुतारानं सागाच्या उरलेल्या पट्ट्यांतून एक करून दिली. त्याला आधी वाटलं देवघर करायचंय. चाळीस वर्षांच्या स्प्रिंगा, त्यांचे रबरी छल्ले आणि पट्टा बदलला, बेअरिंगमधलं तेल काढून नवं भरलं. जुनं तेल काळं झालं होतं. खर्च सगळ्यात कमी या कामाला आला आणि कुमारजींच्या रेकॉर्डमधल्या त्या तुटक, फेकलेल्या स्वरांच्या मधली शांतता पहिल्यांदा ऐकू आली ती यानंतर.

ठेवायचं कुठं, यावर इंग्रजी मासिकं पानंच्या पानं खर्च करतात. लाकडी जमिनीवर माणूस चालला की सुई उडते, म्हणून भिंतीवरच्या फळ्या, काचेचे चौथरे, अणकुचीदार पाय. आमच्या तळमजल्यावर फरशी. कोणी नाचलं तरी सुई हलत नाही. हे टेबल हलक्या, टणक तिवईवर ठेवावं एवढंच पथ्य, जड ग्रॅनाइटचा ओटा त्याला आवडत नाही. तिवई लोखंडी अँगलची, वेल्डिंगवाल्याकडून.

हं, अर्थिंग. मे महिन्यात स्पीकरमध्ये गुणगुण वाढायची आणि पावसाळ्यात कमी व्हायची. फोनो प्रीॲम्प्लिफायर बदलून बघावा असं मुलगा म्हणाला. मी आधी अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला. कोरडा ठणठणीत. मीठ-कोळसा नव्यानं भरला, उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं ठरवलं. गुणगुण पूर्ण गेली नाही, पण गायन सुरू झाल्यावर ऐकू येईनाशी झाली. फोनो प्रीॲम्प्लिफायर पुढं बदलला, तो जुना खरंच थकला होता म्हणून.

मुलानं वाढदिवसाला जाड, साप असावा तशी केबल दिली होती. बायकोला पाठमोरं बसवून मी साधी आणि ही, आलटून पालटून लावली. तिचा कान माझ्याहून तयार, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेल्या. तिनं दोन्ही वेळा सांगितलं की तबला जरा मागं आहे. केबल आता टीव्हीला आहे.

कील घेतली नाही, करूसेल घेतलं नाही. लाखांच्या घरात जाणाऱ्या या वस्तू वाईट नसतील. ऐकलेले लोक भारावून बोलतात. ईपीएस-९५ ची पेन्शन किती असते हे ज्यांना ठाऊक आहे ते पुढचं समजून घेतील. पण पैसे असते तरी माझा क्रम हाच राहिला असता: वीज, धूळ, सुई, स्प्रिंगा. ज्याच्याकडे थेट विजेवर चालणारं जुनं गॅरार्ड, थोरेन्स किंवा लिन आहे त्यानं आधी फोनवरच्या ॲपनं आणि ३१५० हर्ट्झच्या चाचणी रेकॉर्डनं वेग मोजावा, इन्व्हर्टरवर असताना पुन्हा मोजावा, आणि मगच काही विकत घ्यावं. ट्यूबलाइटखालच्या रेघांवर विश्वास ठेवू नये.

ॲम्प्लिफायर अजून तोच आहे. गणपतीच्या दिवसांत मंडपवाला अधूनमधून विचारतो, भोंग्याला कमी पडतोय, देता का. देत नाही. सागाची घोडी, आरशाचा प्रोट्रॅक्टर आणि सोनाराचा काटा मात्र कपाटात नुसते पडून असतात. नगर जिल्ह्यात कोणाला लागले तर घेऊन जावेत, काम झालं की आठवणीनं परत आणून द्यावेत.